बेसबॉल सिम: जुना सीझन पुन्हा खेळायचा, की टीम हातात घेऊन वर्षं पुढे न्यायची?

आकड्यांवर चालणारा बेसबॉल गेम, म्हणजेच सिम, घरच्या कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो कुठला घ्यायचा. माझ्या मते त्याआधी कसा खेळायचा ते ठरवावं. एक रस्ता रिप्लेचा: होऊन गेलेला सीझन, त्या वर्षीचेच खेळाडू, त्यांचेच आकडे, आणि डगआउटमध्ये, म्हणजे टीमच्या बाकावर, निर्णय घेणारे तुम्ही. दुसरा रस्ता जनरल मॅनेजरचा: ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल), करार, ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) सगळं तुमच्याकडे आणि वर्षामागून वर्षं पुढे न्यायची.

पहिल्याची परंपरा जुनी आहे. हॅल रिचमन यांनी 1961 मध्ये स्ट्रॅट-ओ-मॅटिक आणला तो कार्डं आणि फाशांचा खेळ म्हणून. निकाल बॅटरच्या कार्डावर बघायचा की पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या), हे एक फासा ठरवतो, त्यामुळे दोघांचा वाटा निम्मा-निम्मा. आपल्या बुक क्रिकेटमध्ये गावसकर आणि चंद्रशेखर दोघांनाही षटकाराची संधी सारखीच असायची. इथे प्रत्येक खेळाडूचं स्वतःचं वेगळं पुस्तक असतं. कॉम्प्युटरवर फासे टाकणं आणि हिशेब ठेवणं मशीन करतं, कल्पना तीच राहते. दुसऱ्या रस्त्यावरचं मोठं नाव म्हणजे आउट ऑफ द पार्क बेसबॉल, मार्कुस हाइनझोन या जर्मन प्रोग्रॅमरने 1999 मध्ये आणलेला. त्यात रिप्लेही करता येतो, म्हणजे निवड डब्यावरच्या नावाशी बांधलेली नाही. खर्चाचं म्हणाल तर स्ट्रॅटमध्ये जुने सीझन वेगळे विकत घ्यावे लागतात, दुसऱ्यात इतिहास सोबतच येतो. बाकी वैशिष्ट्यं तुम्ही वाचलीच असतील.

मी दोन्ही रस्ते एकाच टीमवर चालून पाहिले: 1994 ची माँट्रियल एक्स्पोज. त्या वर्षी 12 ऑगस्टला खेळाडूंचा संप सुरू झाला तेव्हा त्यांचे 74 विजय आणि 40 पराभव होते. अख्ख्या मेजर लीगमध्ये कोणीही त्यांच्या पुढे नव्हतं, त्यांच्या गटातले अटलांटा ब्रेव्ज 6 मॅचनी मागे. सीझन तिथेच थांबला, वर्ल्ड सिरीज रद्द झाली. पुढच्या एप्रिलमध्ये पगार परवडेनात म्हणून मार्किस ग्रिसम, केन हिल आणि जॉन वेटलँड ट्रेड झाले, लॅरी वॉकर कोलोरॅडोला गेला. 1997 संपता संपता पिचर पेड्रो मार्टिनेझही गेला. 2005 मध्ये फ्रँचायझीच वॉशिंग्टनला हलली. या टीमवर जीव असलेल्या माणसाला दोन प्रश्न छळतात. उरलेल्या 48 मॅच झाल्या असत्या तर? आणि ही टीम फुटली नसती तर? पहिल्याचं उत्तर रिप्लेत शोधायचं, दुसऱ्याचं जनरल मॅनेजरच्या खुर्चीत.

खुर्चीबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. वॉकर आणि पेड्रो दोघांनाही ठेवायचं तर बाकीच्या टीममध्ये किती स्वस्त माणसं बसवावी लागतात, हे स्वतः आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. मालकाचं बजेट पुढ्यात आलं की 1995 च्या त्या एप्रिलकडे पाहण्याची नजर बदलते. राग राहतो, पण कोंडी समजते. ज्यांना वाटाघाटीत, तरुण खेळाडू हेरण्यात रस आहे, त्यांना याहून श्रीमंत खेळ मिळणं अवघड.

पण माझी एक अडचण झाली आणि तिनेच निकाल लावला. मॅचच हरवून जाते.

हिशेब बघा. मन लावून खेळायची तर एक मॅच अर्धा तास घेते. 162 मॅच म्हणजे 81 तास. रोज रात्री एक म्हटली तरी साडेपाच महिने, आणि तेव्हा कुठे एक वर्ष सरणार. दहा वर्षांची घडण बघायची तर मॅच खेळून चालतच नाही, दिवस पुढे ढकलावे लागतात. मग संध्याकाळ जाते ती निरोप वाचण्यात: याची मांडी दुखावली, त्याच्या एजंटला तीन वर्षांचा करार हवा, अमुक टीमने ट्रेड सुचवला. पेड्रो विरुद्ध ब्रेव्जचा पिचर ग्रेग मॅडक्स अशी मॅच वेळापत्रकात होती. मी एका रिलीफ (मॅचच्या मध्यात बदली येणाऱ्या) पिचरच्या पगाराची घासाघीस करत होतो, दिवस पुढे गेला, आणि ती मॅच मला एका ओळीत दिसली: अटलांटा 2, माँट्रियल 1. ठरावीक दिवशी थांबायची सोय करून ठेवता येते, हे मान्य. तरी ओढ सगळी पुढच्या वर्षाकडेच असते. भारतात राहणाऱ्याला हे जास्त बोचतं, असं मला वाटतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची संध्याकाळी सातची मॅच उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होते, आठवडाभर लाइव्ह बघणं नोकरदाराला जमत नाही. रात्री जेवणानंतर जो तासभर मिळतो त्यात मला चेंडू हवा असतो, करारपत्र नव्हे.

रिप्लेमध्ये तो मिळतो. माझ्या उरलेल्या 48 पैकी ब्रेव्जविरुद्धच्या एका मॅचमध्ये आठव्या इनिंगला एका रनची आघाडी होती, दोन बेसवर माणसं, आणि समोर फ्रेड मॅक्ग्रिफ, मागोमाग डेव्हिड जस्टिस. दोघेही डावखुरे, आणि अशांना डावखुरा पिचरच जड जातो. बुलपेनमधले, म्हणजे बदली पिचरांमधले, भरवशाचे दोघे, मेल रोहास आणि वेटलँड, उजव्या हाताचे. मॅनेजर फेलिपे अलूंच्या जागी बसल्यावर कळतं की त्या एवढ्या देखण्या टीममध्ये डावखुऱ्या रिलीफची केवढी उणीव होती. वेटलँडला नवव्यासाठी राखायचं की आत्ताच आणायचं? मी आत्ताच आणला. मॅक्ग्रिफचा जमिनीलगतचा फटका, डबल प्ले, एका चेंडूत दोघे बाद. आकड्यांच्या तक्त्यात वाचलेली गोष्ट अशी हातात येते.

रिप्लेचीही डोकेदुखी आहे, लपवत नाही. सीझनभरात फक्त 30 अॅट-बॅट (फटकेबाजीच्या संधी) आणि 12 हिट असा एखादा बाकावरचा खेळाडू .400 सरासरीचा होऊन बसतो. त्याला रोज उतरवलं तर सगळा सीझन खोटा पडतो, म्हणून वापराची मर्यादा चालू ठेवावीच लागते. 1994 मध्ये आणखी एक मेख आहे: आकडे 114 मॅचचे आणि खेळायच्यात 162, म्हणून ती मर्यादा साधारण 40 टक्क्यांनी सैल करावी लागते, नाहीतर सप्टेंबरमध्ये पिचर संपतात. शिवाय, खेळाडू पुढे कसा घडेल याचं कुतूहल असेल तर रिप्लेत त्याला जागाच नाही. पेड्रो 22 वर्षांचाच राहतो.

तेव्हा टीम बांधण्याची हौस असेल आणि मॅच निकालाच्या ओळीत बघूनही समाधान होत असेल, तर खुशाल खुर्ची घ्या. मॅच खेळायची असेल, तर मी रिप्लेच सुचवेन. फक्त सुरुवात अर्धवट 1994 ने करू नका. पूर्ण झालेला आणि टोकाचा एखादा सीझन घ्या, 1968 उत्तम. पिचरांचं इतकं राज्य होतं की बॉब गिब्सनचा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागणाऱ्या रनांची सरासरी) 1.12 होता आणि अमेरिकन लीगमध्ये कार्ल यास्ट्रझेम्स्की बॅटिंग सरासरीत .301 वर पहिला आला. पुढच्याच वर्षी पिचरचा माउंड, म्हणजे तो उभा राहतो तो उंचवटा, 15 इंचांवरून 10 वर आणावा लागला. तुमच्या रिप्लेत चार-पाच जण .330 च्या पुढे जायला लागले तर सेटिंग चुकलंय असं समजा, ते आधी ठीक करा आणि मग माँट्रियलकडे वळा.