बेळगावातल्या एका कलेक्शन सेंटरची डीआयएफ तपासणी: पाचपैकी साडेतीन

अंगावर फोड उठले की खानापूरपासून निपाणीपर्यंत आधी नागीण समजून काव लावतात. नागीण एकाच बाजूला, पट्ट्यात उठते. फोड दोन्ही अंगांना असतील, किंवा तोंडातले व्रण महिना झाला तरी भरत नसतील, तर बायोप्सीसोबत डीआयएफ हवीच. डीआयएफ म्हणजे डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्स: आपल्याच कातडीवर उलटलेल्या अँटिबॉडी तुकड्यात चमकवून दाखवणारी तपासणी. शहरातलं हे सेंटर त्यासाठीचे नमुने बाहेरच्या लॅबला पाठवतं.

साडेतीन गुण मुख्यतः मिशेल्स द्रावणासाठी, म्हणजे डीआयएफचा तुकडा ज्यात ठेवतात त्या द्रावणासाठी. ते इथे तयार असतं, बाटलीवरची मुदतही दाखवतात. त्यात तुकडा बर्फाशिवाय काही दिवस टिकतो.

दीड गुण कापला तो बाटल्यांपायी. एक मिशेल्सची, दुसरी साध्या बायोप्सीच्या तुकड्यासाठी फॉर्मॅलिनची; दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या, लेबलवरची अक्षरं बारीक. घाईत दोन्ही तुकडे फॉर्मॅलिनमध्ये जातात. डीआयएफचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेला की वाया गेला: अँटिबॉडीची चमक उमटत नाही, आजार असून रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि पेशंटला पुन्हा पंच (कातडीचा गोल तुकडा कापणं) सोसावा लागतो. झाकण लावण्याआधी लेबल मोठ्याने वाचायला लावा.

तुकडे दोन, साधारण चार मिलिमीटरचे. फॉर्मॅलिनसाठी ताज्या फोडाची कड. डीआयएफसाठी मात्र फोडाशेजारची, सेंटिमीटरभराच्या आतली, न फुटलेली कातडी. खुद्द फोडावरून घेतला तर खूण पुसलेली असते. सेंटरच्या फॉर्मवर जागा लिहायला रकानाच नाही, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहून घ्या.

रिपोर्ट चांगला येतो. आयजीजी, आयजीए, आयजीएम या अँटिबॉडी आणि सी३ हे प्रथिन वेगवेगळे दिलेले असतात. पेम्फिगस या फोडांच्या आजारात पेशींभोवती मासळीच्या जाळ्यासारखी चमक दिसते; हा फोड ढिला असतो, कपडा घासला तरी फुटतो. बुलस पेम्फिगॉइड हा दुसरा आजार बहुतेक साठीनंतरचा: फोड टम्म, खाज भयंकर, आणि चमक कातडीच्या दोन थरांमधल्या सीमेवर सरळ रेघेत. कोपर, गुडघे, कुल्ल्यांवर बारीक खाजरे फोड असतील तर आयजीएचे ठिपके शोधतात. तो डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस.

सरळ रेघ ईबीए नावाच्या आजारातही दिसते. फरक कळायला तुकडा मिठाच्या पाण्यात ठेवून थर सोडवतात: चमक वरच्या थराला राहिली तर पेम्फिगॉइड, खालच्या थराला राहिली तर बहुधा ईबीए. ही सॉल्ट-स्प्लिट चाचणी मागितल्याशिवाय करत नाहीत.

फॉर्मवर चालू औषधंही लिहा. डायबेटिसच्या विल्डाग्लिप्टिनसारख्या ग्लिप्टिन गोळ्यांनी पेम्फिगॉइड उठू शकतो. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नका, बदल डॉक्टरांकडूनच करून घ्या.