स्वसंरक्षण: दोन दिवसांची कार्यशाळा की वर्षभराचा क्लास?

मुलगी महाविद्यालयात जाऊ लागली की तिला स्वसंरक्षण शिकवावे असे घरात ठरते आणि बहुधा तीन पर्याय पुढे येतात: शनिवार-रविवारची कार्यशाळा, जवळचा कराटे क्लास, किंवा ज्यूदो-बॉक्सिंगचा नियमित सराव. कलेचे नाव पाहण्याआधी, तिथे समोरचा जोडीदार खरोखर विरोध करतो का, हे पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

मनगट सोडवण्याचेच उदाहरण घ्या. धरणाऱ्याचा अंगठा आणि बोटे जिथे मिळतात तिथे पकड सर्वांत कच्ची असते. आपले मनगट त्या फटीकडे वळवून झटक्यात ओढले की हात सुटतो. कार्यशाळेत हे दहा मिनिटांत जमते, कारण मैत्रीण हात हलकेच धरते. तिलाच ‘सोडू नकोस, ओढत ने’ असे सांगा. पाय फरफटतात, तोल जातो आणि शिकलेले काहीच आठवत नाही.

ज्यूदोत ही उणीव राहत नाही. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये सुरू केलेल्या या कलेत आधी पडायला शिकवतात आणि नंतर रांदोरीत, म्हणजे मोकळ्या झुंजीच्या सरावात, जोडीदार पूर्ण ताकदीने झगडतो. बॉक्सिंगमध्ये ठोसा येताना डोळे न मिटण्याची सवय लागते. कराटेचे मात्र क्लासवर अवलंबून असते: कुमिते, म्हणजे जोडीदाराशी लढतीचा सराव, नियमित असेल तर उत्तम, पण केवळ काता (ठरावीक हालचालींची एकट्याने केलेली मालिका) आणि पट्ट्यांच्या परीक्षा असतील तर व्यायाम आणि शिस्त मिळेल, झटापटीचा सराव मिळणार नाही.

तरीही कार्यशाळेला मी कमी लेखत नाही. हल्ला अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी माणूसच करतो, हा सर्वांत घातक गैरसमज आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांनुसार बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. ओळखीच्या माणसाला मोठ्या आवाजात ‘नाही’ म्हणणे, संकोच बाजूला सारून तिथून निघून जाणे, हे कोणताही पट्टा शिकवत नाही. कॅनडातील तीन विद्यापीठांत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ओळखीच्या व्यक्तीकडून असलेला धोका ओळखण्यावर भर देणाऱ्या बारा तासांच्या प्रशिक्षणानंतर वर्षभरात बलात्काराचे प्रमाण ५.२ टक्के होते, तर केवळ माहितीपत्रके मिळालेल्या गटात ते ९.८ टक्के होते. हातापायांचे डावपेच हा त्या प्रशिक्षणाचा एक भाग होता, सर्वस्व नव्हे.

चाकू हिसकावण्याची ‘युक्ती’ दोन दिवसांत शिकवणाऱ्याकडे जाऊ नये. चाकूपुढे पळणे किंवा मागितलेली वस्तू देऊन टाकणे हेच योग्य. मिरचीचा फवारा वाऱ्याने आपल्याच डोळ्यांत येऊ शकतो, शिवाय तो पिशवीच्या तळाशी असेल तर निरुपयोगी ठरतो.

हात उगारला तर आपणच अडकू, ही भीतीही अनेकींना असते. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खाजगी बचावाचा हक्क देतात. बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करावी, ही कलम ३७ मधली मर्यादा मात्र प्रशिक्षकाने समजावून सांगायला हवी.

आठवड्यातून दोन संध्याकाळी निघत असतील तर ज्यूदो किंवा बॉक्सिंग निवडावे. दोनच दिवस असतील तर ओरडण्याचा, नकार देण्याचा आणि ओळखीच्या माणसासोबतच्या प्रसंगांचा सराव करून घेणारी कार्यशाळा घ्यावी. पैसे भरण्यापूर्वी एक तास बाजूला बसून सराव पाहू देतात का, हे विचारावे; नकार मिळाला तर तिथे नाव घालू नये.