खोडदची जीएमआरटी: फिजिक्स घेतलेल्या पोरांच्या आई-बापांनी एकदा जाऊन याच

पोरगी टी.वाय. बीएस्सीला, विषय फिजिक्स. घरी येणारा प्रत्येक पाहुणा तेच विचारतो, ‘मग पुढं काय, बी.एड.?’ मागं एका करिअर मार्गदर्शनवाल्याकडं चांगले पैसे मोजून तिला नेलं, तर त्याच्या रंगीत तक्त्यावर फिजिक्ससमोर ‘शास्त्रज्ञ, प्राध्यापक’ एवढंच, आणि निघताना हातात एमबीए क्लासचं पत्रक. म्हणून यंदा विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीला, पुणे जिल्ह्यातलं खोडद गाठलं. जीएमआरटी म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी तिथली मोठी दुर्बीण. प्रवेश फुकट.

नारायणगावहून आत वळलं की शेतांच्या मागं डिश दिसायला लागतात. एकूण 30, प्रत्येक 45 मीटर व्यासाची. 14 मधल्या भागात, बाकीच्या तीन फाट्यांवर लांबवर, सगळा पसारा 25 किलोमीटरचा. जवळ गेल्यावर कळतं की पत्रा नाहीच, बारीक तारेची जाळी आहे. खाली उभं राहिलं तर तिच्यातून आभाळ दिसतं. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि खर्च कमी. इथं टिपतात त्या रेडिओ लहरींची लांबी 20 सेंटिमीटरच्या पुढं, जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी मोठी, त्यामुळं त्या मात्र जाळीवरून परततात. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांचं हे डोकं. मला दुकानदाराला हा हिशेब लगेच पटला.

मोबाइल बंद ठेवावा लागतो. दुर्बिणीला तो गोंगाटच.

खरी वसुली झाली ती पीएचडी करणाऱ्या एका मुलाशी बोलताना. मी थेट पगार विचारला, पोरगी ओशाळली. जेआरएफला, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीच्या शिष्यवृत्तीला, महिना 37,000, वर घरभाडं. दोन वर्षांनी 42,000. त्यासाठी जेस्ट ही देशपातळीवरची परीक्षा किंवा आयुका-एनसीआरए या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या दोन संस्थांची प्रवेश परीक्षा. पाच-सहा वर्षं धरून चाला, मग बहुतेकांना पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनासाठी, परदेश, आणि कायमच्या जागा थोड्या. हे त्यानं न विचारता सांगितलं, तिथंच माझा विश्वास बसला. तो स्वतः पल्सारवर, म्हणजे गरगर फिरत ठराविक ठोक्यानं रेडिओ लहरी पाठवणाऱ्या मृत ताऱ्यांवर, काम करतो. दिवसातला बराच वेळ पायथनमध्ये कोड लिहिण्यात जातो म्हणाला, आणि हेच येत असल्यानं त्याचे काही मित्र डेटाच्या नोकऱ्यांत गेलेत.

शिवाय डिश फिरवणाऱ्या मोटारी, रिसीव्हर, सॉफ्टवेअर हे सांभाळणारी इंजिनिअर मंडळी वेगळीच. पुढं हिंगोलीत औंढा नागनाथला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय, दक्षिण आफ्रिका-ऑस्ट्रेलियातल्या एसकेए या महाकाय रेडिओ दुर्बिणीत भारत सामील आहे. तिथंही फक्त आकाश बघणारे लागणार नाहीत. लेसर, व्हॅक्यूम, इलेक्ट्रॉनिक्स, सगळ्यांचं काम आहे. त्या रंगीत तक्त्यात यातलं एक अक्षर नव्हतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो उन्हाचा, टोपी न्या. सकाळी लवकर पोचा, शाळांची पोरं आली की निवांत बोलणं होत नाही. आणि पगाराचं पोरांवर सोडू नका, आपणच विचारा.