पट्टा ३५० चा, चुना १८,७५० चा

मी बावळट नाही. नागपुरात मानेवाड्याला १९ वर्षं ब्लाउज शिवते, मापात अर्धा इंच कमी कापड लांबून ओळखते. तरी १८,७५० रुपये घालवून बसले.

रात्री दोनला अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर. हात झटकत बसायचं. कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस दबते. ऑपरेशनच्या धाकाने मंगल कार्यालयातल्या 'विनाऑपरेशन' शिबिरात गेले.

तिथे हातात दांडी धरायला दिली, यंत्रातून कागद निघाला: नस ७२ टक्के बंद. ह्यांनीही गंमत म्हणून धरली. ह्यांचीही ७२! ह्यांच्या हाताला जन्मात मुंग्या आल्या नाहीत. आम्ही हसलो. हसलो अन् पैसे भरले. तो कागद दिसला की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

लेझरच्या १२ बैठका १४,५००, चुंबकाचं कडं २,४००, तेल १,८५०. फोनवरून ५,०००, बाकी रोख. "ताई, तुमचाच जीएसटी वाचते." कोणी रोख मागितलं की उठा तिथून!

सोबत 'फुकट' मनगटाचा पट्टा, रात्री बांधायला. आराम पडला हो! पितृपक्ष होता, शिलाई जवळपास बंद, रात्री मनगट सरळ. मी श्रेय लेझरला दिलं अन् दोन मैत्रिणींनाही तिकडे धाडलं. आता त्यांना तोंड काय दाखवू? नवरात्राच्या ऑर्डरी आल्या, मुंग्या परत.

धंतोलीतले डॉक्टर म्हणाले, काम केलं ते पट्ट्याने. दुकानात ३५० ला मिळतो. त्याने भागलं नाही तर स्टिरॉइडचं इंजेक्शन. काही आठवडे, काही महिने बरं वाटतं, त्रास परतूही शकतो. चुंबकाला काही आधार नाही, लेझरचाही भरवसा नाही. शुगर अन् थायरॉइड तपासायला लावलं, ते शिबिरात कोणी विचारलंही नव्हतं. नस तपासतात ती एनसीव्हीने, विजेचे बारीक झटके देऊन. दांडी धरून नाही. अंगठ्याखालचं मांस सुकायला लागलं असेल तर पट्ट्यावरही वेळ घालवू नका.

चौकीत म्हणे, "जबरदस्ती केली का कोणी?" आरोग्य खातं म्हणे पोलिसात जा, पोलीस म्हणे आरोग्य खात्यात. चार चकरा, ऑटोचे ६४० रुपये, दोन दिवसांची शिलाई बुडाली. एक साहेब तर स्वतःचं मनगट चोळत विचारतात, "पण फरक पडला का थोडा?"

आता ग्राहक आयोगात अर्ज टाकते आहे. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. ५,००० चा स्क्रीनशॉट आहे. उरलेल्या १३,७५० साठी माझ्याकडे फक्त ह्यांचा तो ७२ टक्क्यांचा कागद.