साताऱ्यातील चरित्र-कथन सत्र: पेलाच्या मारेया स्कोल्टेची संध्याकाळ

साताऱ्याच्या जुन्या भागातील एक छोटे वाचनालय महिन्यातून एका रविवारी सायंकाळी चरित्र-कथनाचे सत्र घेते. सभासदांना पन्नास आणि इतरांना शंभर रुपये शुल्क आहे. त्यात दोन तासांचे कथन, पडद्यावरील नकाशे व चित्रे आणि आठ पानांची मराठी टिपण-पुस्तिका मिळते. गेल्या महिन्याचा विषय होता अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या पेला या डच वसाहतीत आयुष्य घालवलेली मारेया स्कोल्टे. इतक्या दूरच्या बाईची कहाणी ऐकायला कोण येणार, असे मला वाटले होते; प्रत्यक्षात खुर्च्या कमी पडल्या आणि काहींना सतरंजीवर बसावे लागले.

कथन करणाऱ्या बाईंनी सुरुवात मारेयापासून न करता बटाट्यापासून केली, आणि ती योग्यच होती. १८४५ मध्ये नेदरलँड्समध्ये बटाट्यावर रोग पडला आणि गरिबांचे रोजचे अन्नच गेले. त्याआधी, १८३४ मध्ये, सरकारमान्य चर्चपासून काही मंडळी वेगळी झाली होती. त्यांच्या सभांवर बंदी, दंड आणि प्रसंगी तुरुंगवास अशी कारवाई होत होती. भूक आणि छळ हे दोन्ही धागे एकत्र आल्याशिवाय सुमारे आठशे माणसे समुद्र ओलांडायला का तयार झाली, हे समजत नाही. त्यांचे पुढारी हेन्ड्रिक पीटर स्कोल्टे हे धर्मोपदेशक होते. मारेया त्यांची दुसरी पत्नी, वयाने त्यांच्याहून बरीच लहान, सुखवस्तू वातावरणात वाढलेली. सावत्र मुलींची आई होऊनच ती त्या घरात आली होती. जेरुसलेममधून निघालेल्या आद्य ख्रिस्ती लोकांना ज्या नगरीने आसरा दिल्याचे सांगतात, तिच्यावरून नव्या गावाचे नाव पेला ठरले.

प्रवासाचा नकाशा हा या सत्राचा सर्वांत उत्तम भाग. बाल्टिमोरला उतरलेली मंडळी पुढे रेल्वेने, कालव्यातील नावांनी आणि ओहायो नदीतील आगबोटींनी सेंट लुईसपर्यंत कशी गेली, तेथून मिसिसिपी नदीने किओककला आणि मग गाड्यांनी व पायी १८४७ च्या ऑगस्टमध्ये पेलाच्या माळावर कशी पोचली, हे बाईंनी बोटाने रेषा ओढत दाखवले. प्रत्येक टप्प्यावर बायकांच्या हातात काय होते, हे त्या आवर्जून सांगत होत्या. एवढ्या चढउतारांत एखादे गाठोडे किती वेळा उचलावे आणि ठेवावे लागले असेल, ते नकाशा पाहताना आपोआप लक्षात येत गेले.

मारेयाचा निळ्या-पांढऱ्या डेल्फ्ट भांड्यांचा (नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चिनी मातीसारख्या भांड्यांचा) साठा पेलाला पोचला तेव्हा त्यातली बरीच भांडी फुटलेली निघाली, आणि तिने ते तुकडे टाकून न देता त्यांची दाराकडे जाणारी पायवाट केली, अशी आठवण त्या गावात सांगितली जाते. पुष्कळ वक्ते ही गोष्ट रंगवून सांगतील आणि श्रोत्यांना रडवतील. बाईंनी मात्र ही गावात सांगितली जाणारी आठवण आहे, एवढे स्पष्ट करून ती चार वाक्यांत संपवली. हा संयम मला फार मोलाचा वाटला, कारण सुंदर गोष्ट खरीच असली पाहिजे असा आग्रह धरला की खऱ्या आयुष्याचा उरलेला भाग तिच्यामागे झाकला जातो.

उणीव जाणवली ती पुढच्या अर्ध्या तासात. स्कोल्टे यांनी काढलेले वृत्तपत्र, शिक्षणसंस्थेसाठी दिलेली जमीन, १८६० मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या ज्या अधिवेशनाने अब्राहम लिंकन यांना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली त्यातला त्यांचा सहभाग, हे सगळे महत्त्वाचे असले तरी त्यात मारेया दिसेनाशी झाली. पतीच्या कर्तृत्वाची यादी वाचून पत्नीचे चरित्र होत नाही. १८६८ मध्ये स्कोल्टे वारले, त्यानंतर मारेयाने पुन्हा लग्न केले. एका विधवेने त्या धर्मनिष्ठ वसाहतीत हे पाऊल उचलणे हा स्वतंत्रपणे बोलण्याचा विषय होता, पण तो घाईघाईने उरकण्यात आला.

त्याहून मोठी उणीव इतर बायकांच्या बाबतीत होती. मारेयाला लवकरच लाकडी, प्रशस्त घर मिळाले. ते आजही संग्रहालय म्हणून जपले आहे. बाकीच्या बायकांची पहिली घरे वेगळी होती. त्या माळरानावर लाकूड कमी आणि गवत उंच असल्यामुळे अनेक कुटुंबांनी जमिनीत खणून मातीच्या ढेकळांच्या भिंती उभारल्या आणि वर गवत शाकारले. त्या वस्तीला डच लोक ‘स्ट्रॉइस्टाड’, म्हणजे गवताचे गाव, म्हणत. ज्या बायका उंबरठा रोज घासून पुसायच्या संस्कारात वाढल्या होत्या, त्यांना ओल झिरपणाऱ्या त्या खोपटात, ओळख नसलेल्या मक्याचे पदार्थ करून संसार मांडावा लागला. बाहेर पुरुष बैलांच्या जोड्या जुंपून मुळ्यांनी घट्ट बांधलेली जमीन फोडत होते आणि आत या बायका साबण व मेणबत्त्या करत होत्या, कपडे शिवत होत्या, आजारी मुलांपाशी जागत होत्या. टिपण-पुस्तिकेत या बायकांसाठी जेमतेम एक परिच्छेद आहे. पुढच्या वेळी हे प्रमाण बदलावे, असे मी संयोजकांना लेखी कळवले आहे. पेलाप्रमाणेच १८४७ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात वसलेल्या हॉलंड या डच गावाची तुलनाही घेता आली असती. तिथे अडचण लाकडाच्या टंचाईची नसून दाट जंगल तोडून जागा करण्याची होती.

शेवटी प्रश्नोत्तरांसाठी वीस मिनिटे राखून ठेवली होती. मागच्या रांगेतून एक आजी उठल्या. कोयनेच्या खोऱ्यातले त्यांचे गाव धरणाच्या पाण्यात गेल्यावर त्यांच्या सासरच्यांचे पुनर्वसन रायगड जिल्ह्यात झाले; आता त्या मुलाकडे साताऱ्यात राहतात. त्या म्हणाल्या, “आमच्या सासूबाईंनी जातं घेतलं, पाटा घेतला. उखळ मात्र जमिनीत पुरलेलं होतं, ते काही निघालं नाही. निघताना त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. तुमच्या त्या बाईला निदान तुकडे तरी उचलता आले.” सभागृहात काही क्षण कोणी बोलले नाही. कथन करणाऱ्या बाईंनी घाईने आभार मानून विषय संपवला नाही. त्या आजींच्या शेजारी जाऊन बसल्या आणि गावाचे नाव, घराचे तोंड कोणत्या दिशेला होते, उखळ ओटीवर होते की माजघरात, हे विचारून वहीत लिहून घेतले. पेलाच्या कहाणीने जे काम करायला हवे होते ते तिथे झाले, असे मला मनापासून वाटते. शंभर रुपयांत एवढे मिळत असेल तर उणिवा सांगूनही ही सेवा वापरावी, असेच मी म्हणेन.

व्यवस्थेबद्दल थोडेसे. सत्र वेळेवर सुरू होते. पडदा खिडकीसमोर लावल्यामुळे उन्हे उतरेपर्यंत नकाशे फिके दिसतात, तेवढे खिडकीचे पडदे जाड हवेत. मध्यंतरात चहा आणि कंदी पेढा मिळतो. सभागृह वरच्या मजल्यावर आहे, जिना उभा आहे आणि कठडा एकाच बाजूला असल्याने वयस्करांना उतरताना त्रास होतो. आजींना आम्ही दोघींनी धरून खाली आणले. ही अडचण सांगितल्यावर पुढचे सत्र तळमजल्यावरील वाचन-कक्षात घेण्याचे संयोजकांनी मान्य केले आहे. आजींना कमी ऐकू येते, म्हणून पहिल्या रांगेतील दोन खुर्च्या मी आताच नोंदवून ठेवल्या आहेत.