मामा तलावातला गाळ परत कुठून येतो: काठी, खुंट्या की रंगीत वाळू?

मामा तलाव म्हणजे पूर्व विदर्भातला जुना माजी मालगुजारी तलाव. उन्हाळ्यात त्यातला गाळ उपसला, बराचसा शेतात गेला, उरलेला पारीवर (तलावाच्या बांधावर) ढिगाने राहिला. दोन पावसाळ्यांत तुडुमापुढे (पाणी सोडायच्या दारापुढे) पुन्हा चिखल साचला. तो नाल्याने आणला की ढिगातून उतरला, हे कळल्याशिवाय परत जेसीबी लावू नये.

हे शोधायच्या तीन पद्धतींत काठी सर्वांत स्वस्त, आणि आमच्या मते पहिली निवड. डोंग्यातून खुणा केलेला बांबू तळाला टेकवायचा. खाली १५ सेंमीची चकती हवीच, नाहीतर टोक मऊ गाळात रुततं आणि तलाव आहे त्याहून खोल दिसतो. १० मीटरच्या चौकटीने २ हेक्टरला साधारण २०० नोंदी होतात. पाण्याची पातळी रोज तुडुमाच्या दगडावरच्या एकाच खुणेवरून घ्या. तिथे ५ सेंमी चुकलं तर २ हेक्टरवर हिशेब १,००० घनमीटरने चुकतो. ३ घनमीटरच्या ट्रॉलीने ३३३ खेपा! मोजणी दरवर्षी दिवाळीनंतरच करा. मे महिन्यातला वाळून भेगाळलेला गाळ आकसलेला असतो, ओल्याशी त्याची तुलना होत नाही.

बंदरात हेच काम ध्वनिलहरींचं यंत्र करतं. उथळ, कमळ-शेवाळाच्या तलावात मात्र ते वेलींनाच तळ समजतं.

खुंट्या म्हणजे मीटरभर सळई, ७० सेंमी कडक तळात ठोकलेली, वर सैल वॉशर. तळ खरवडला की वॉशर खाली उतरतो, मग गाळ बसला की गाडला जातो. म्हणून एकाच खुंटीत दोन्ही गोष्टी वाचता येतात. पण ती फक्त आपल्या जागेचं सांगते. जाळी अडकते, म्हणून जागा ढीवर (मासेमार) बांधवांना विचारूनच ठरवा.

‘कुठून आला’ याचं थेट उत्तर फक्त खुणेचे कण देतात, म्हणजे गाळात मिसळून नंतर ओळखता येतील असे कण. भाभा अणुसंशोधन केंद्राने बंदरांतल्या गाळासाठी स्कँडियम-४६ असलेली काचेची पूड वापरली आहे. स्कँडियम-४६ ची किरणोत्सारिता सुमारे ८४ दिवसांत निम्मी होते. गावात किरणोत्सारी काही नको. चमकणाऱ्या रंगाची वाळू ढिगात मिसळून रात्री अतिनील टॉर्चने शोधता येते. मात्र वाळू ढिगापाशीच बसते आणि चिकण गाळ तरंगत तुडुमापर्यंत जातो. मग ढिगाचा काही दोष नाही असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. नाल्याच्या रेताड मुखाशी ही पद्धत चालते, चिकण मातीत नाही.

पहिल्या वर्षी काठी, सोबत ढीग आणि पाण्याच्या मध्ये ६-८ खुंट्या एवढं पुरे. ढिगाच्या उताराकडच्या या खुंट्या गाडल्या गेल्या तर ढीग आधी हलवा. त्या उघड्याच राहिल्या आणि नाल्याच्या मुखाशी तळ उंचावला, तर खर्च वरच्या शिवारातल्या बांधबंदिस्तीवर करा.