रंगीत बॉल पायथन: कुठला मॉर्फ घ्यावा, कुठल्याच्या वाटेला जाऊ नये

विक्रेत्याने पाठवलेल्या यादीत बहुतेक वेळा तीनच गोष्टी असतात: फोटो, मॉर्फचं (जनुकांमुळे आलेल्या रंग-नक्षीच्या प्रकाराचं) नाव, किंमत. चपलेचा जोड घेताना चार दुकानं पालथी घालणारा पुणेकर इथे मात्र फोटोवर भाळून मोकळा होतो. बॉल पायथन हा आफ्रिकेतला लहानखुरा अजगर नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं जगतो.

आधी नकार. स्पायडर हा मॉर्फ घेऊ नका. पिवळसर अंगावरची कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक काळी नक्षी देखणी असते, पण ती देणारं जनुकच आतल्या कानाची घडण बिघडवतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सीटी स्कॅनवर तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका वेड्यावाकड्या दिसल्या. त्यामुळे डोकं थरथरतं, मान स्क्रूसारखी पिळते, भक्ष्यावरची झेप चुकते. यालाच वॉबल म्हणतात. तो कमी-जास्त असतो, पण ‘आमच्या लाइनमध्ये वॉबल नाही’ हे ऐकून सोडून द्यायचं. नक्षी ठेवून दोष काढता येत नाही.

खरी गोम नावात आहे. बम्बलबी म्हणजे पेस्टल आणि स्पायडर, स्पिनर म्हणजे पिनस्ट्राइप आणि स्पायडर, किलरबी म्हणजे सुपर पेस्टल (‘सुपर’ म्हणजे त्या जनुकाच्या दोन प्रती) आणि स्पायडर. यादीत ‘स्पायडर’ हा शब्द कुठेच नसतो. म्हणून गोंडस नाव बाजूला ठेवून आई-बापाची जनुकं लिहून मागा. वोमा आणि शॅम्पेनमध्येही वॉबल आढळतो. सुपर सिनॅमन आणि सुपर ब्लॅक पेस्टलमध्ये मणका वाकडा किंवा तोंड बदकाच्या चोचीसारखं चपटं निघू शकतं. कॅरॅमल अल्बिनोतही वाकड्या मणक्याची तक्रार जुनी आहे. डेझर्टची मादी दिसायला ठणठणीत, पण अंडी घालताना अडते.

निर्धास्त घ्यावेत असे: पेस्टल, पिनस्ट्राइप, मोहावे, क्लाउन, पाईड. अल्बिनोही चालेल, फक्त त्याच्या डोळ्यांवर प्रखर दिवा नको. आमचं मत पाईडच्या बाजूचं, कारण पांढऱ्या पट्ट्यांची वाटणी प्रत्येक पिल्लात वेगळी असते.

पण पाईड येतो कसा, तेही बघा. दोन्ही पालक नुसते ‘हेट पाईड’, म्हणजे जनुक बाळगणारे पण दिसायला साधे असतील तर सरासरी चारात एकच पिल्लू पाईड होतं. एका विणीत साधारण सहा अंडी. म्हणजे चार-पाच साधी पिल्लं उरतात. ती ‘६६ टक्के हेट’ म्हणून विकली जातात, म्हणजे जनुक असण्याची शक्यता तीनात दोन, खात्री नव्हे. या उरलेल्या पिल्लांचं काय करता, हा प्रश्न ब्रीडरला सरळ विचारा. मादीचं वय आणि वजनही विचारा. तीन वर्षं आणि दीड किलोच्या आत तिला जोडीला लावणारा आणि दर वर्षी वीण काढणारा असेल तर साप कितीही सुंदर असो, उठा.

पिल्लू समोर आलं की हातावर पाच मिनिटं फिरू द्या आणि मान बघा. पाठीवरून बोट फिरवून मणक्यात गाठ लागते का पाहा. नाकातोंडाशी बुडबुडे म्हणजे श्वसनाचा संसर्ग. पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके म्हणजे माइट्स, सापाचं रक्त शोषणारे बारीक परजीवी. तुमच्यासमोर फ्रोझन उंदीर, अर्थात वितळवून कोमट केलेला, खाऊन दाखवायला सांगा. जिवंत उंदरावरच वाढलेलं पिल्लू नंतर डोकेदुखी होतं, शिवाय उंदीर चावून त्यालाच जखम करतो.

कागदाशिवाय व्यवहार करू नका. बॉल पायथन साइट्सच्या, म्हणजे वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लगाम घालणाऱ्या कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ४९ एम आणि २०२४ चे नियम यांनुसार ताबा, हस्तांतरण, जन्म, मृत्यू या सगळ्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. प्राणी ताब्यात आल्यावर त्यासाठी ३० दिवस मिळतात. ‘नंतर करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसेही नंतरच द्या.

घर आधी, साप मागून. मोठ्या सापाला १२० बाय ६० बाय ६० सेंटिमीटरची पेटी, दोन्ही टोकांना लपायला एकेक जागा, गरम बाजू ३१ ते ३३ अंश, थंड बाजू २५ ते २७, आर्द्रता ५५ ते ६५ टक्के. हीट मॅट थर्मोस्टॅटशिवाय लावली तर पोट भाजतं. पुण्यात डिसेंबरच्या रात्री पेटी गार पडते आणि एप्रिलच्या कोरड्या हवेत कात तुकड्यातुकड्यांनी निघते. तेव्हा ओलं मॉस भरलेला डबा आत ठेवा. पहिला आठवडा हात लावू नका.

कुणी ‘दुर्मिळ रंगाचं’ मांडूळ किंवा देशी अजगर दाखवला तर तो सरळ गुन्हा आहे. नुसते साप बघायचे असतील तर कात्रजच्या सर्पोद्यानाचं तिकीट पुरतं. बुधवार सोडून जा.